काकडीचा बीपी

गेल्या वर्षभरात आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न शाळेचा नाही आणि बदलीचाही नाही. "स्मार्टवॉच कोणते घ्यावे?" हा तो प्रश्न. विचारणाऱ्यांत सहकारी शिक्षक आहेत, पालक आहेत, मशिदीच्या दारात चपला शोधता शोधता विचारणारे शेजारी आहेत. घड्याळावरून आमच्या घरी जे घडले ते मोहल्ल्यात पसरलेले आहे, म्हणून लोक आमच्याकडे येतात. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावे, असे ठरवले.

आम्ही दोघे मियाँ-बीवी शिक्षक. एकाची नोकरी चंद्रपुरात उर्दू शाळेत, दुसऱ्याची मूल तालुक्यात मराठी शाळेत. घरात अब्बा आहेत. वय ७२. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये आयुष्य गेले. पंधरा वर्षांपासून साखर, आठ वर्षांपासून बीपी. महिन्यातून एकदा उपाशीपोटी लॅबमध्ये जायचे, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा, गोळ्या घ्यायच्या, हे सगळे सुरळीत चालले होते. मग रमजानच्या आधी भाचा आला आणि त्याने मोठ्या प्रेमाने नानांच्या मनगटावर एक चकचकीत घड्याळ बांधले. किंमत दीड हजारांच्या आत. डब्यावर लिहिले होते: हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, बीपी, साखर, झोप, ताण, आणि शंभरावर खेळ.

अब्बा खूश. लॅबची तारीख आली तेव्हा म्हणाले, "सुई किसलिए? घड़ी बता तो रही है." घड्याळ साखर ११२ सांगत होते. ईदच्या दिवशी दोन वाट्या शीरखुर्मा झाल्यावर बघितले, तर १०८. अब्बांनी आनंदाने तिसरी वाटी मागितली.

ईदनंतर काही दिवसांनी अब्बा वजूसाठी पाय धूत असताना डाव्या अंगठ्याजवळची जखम नजरेस पडली. चपलेचा पट्टा लागला असेल म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. दुखत नव्हती, हीच तिची वाईट बाजू. जुन्या साखरेत पायाची जाणीव कमी होते आणि जखम कळतच नाही. लॅबमध्ये नेले, उपाशीपोटी साखर २१४ निघाली. मग समजले, संध्याकाळची गोळी महिन्याभरापासून बंद होती. घड्याळ ११२ दाखवत असताना गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन आठवडे गेले असते तर अंगठ्याचे काही खरे नव्हते.

घरी आल्यावरही अब्बा घड्याळावर दोष घ्यायला तयार नव्हते. नातवाची भेट होती ना. शेवटी आम्ही स्वयंपाकघरातून एक जाडसर काकडी आणली आणि घड्याळ तिला घट्ट बांधले. बीपीचे बटण दाबले. हिरवा दिवा लुकलुकला, अर्धा मिनिट गेले, आणि काकडीचा बीपी आला: ११८ / ७६. ठोके ७४. मुलांनी घर डोक्यावर घेतले. अब्बाही हसले, मग बराच वेळ गप्प बसले.

यात जादू नाही. घड्याळाच्या पोटाखाली छोटे हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, पुन्हा वाढतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. त्वचेवर पट्टा नीट बसलेला असेल आणि हात स्थिर असेल, तर ठोके बऱ्यापैकी खरे येतात. पण बीपी म्हणजे रक्ताचा दाब. तो प्रकाशाने सरळ मोजला जात नाही, अंदाजाने काढावा लागतो. सॅमसंगच्या महागड्या घड्याळातसुद्धा बीपी हवा असेल तर आधी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनने मोजून तो आकडा घड्याळाला द्यावा लागतो, आणि दर चार आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागते. म्हणजे दंडाचे मशीन तुम्हाला घ्यायचेच आहे. मग दीड हजारांचे घड्याळ कोणत्याही मशीनशिवाय बीपी सांगते ते कुठून? काकडीला विचारा.

साखरेचे तर त्याहून स्पष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर सूचना काढली की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही, आणि लोकांनी अशी उपकरणे साखरेसाठी वापरू नयेत. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन किंवा गोळीचा डोस ठरला तर जिवावर बेतू शकते, हे त्यांचे कारण. काही लोकांच्या दंडावर लहान चकती असते आणि तिचा आकडा घड्याळात दिसतो. ती गोष्ट वेगळी. त्या चकतीची बारीक सुई त्वचेखाली असते, घड्याळ फक्त निरोप्या.

ऑक्सिजनबद्दलही थोडे सांगतो, कारण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटरसाठी आपण सगळे धावलो होतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. रुग्णालयातल्या बोटाच्या ऑक्सिमीटरनेही काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची लपलेली कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवली होती. त्वचेचा रंग प्रकाशाच्या आड येतो. बोटाच्या मशीनची ही कथा, तर मनगटाची काय असेल? आपल्या भागातल्या उन्हात रापलेल्या हातांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

गोंदणाचेही तसेच. गडचिरोलीकडच्या आमच्या एका सहकारी बाईंच्या मनगटावर, त्यांच्या गोंड परंपरेप्रमाणे, गर्द गोंदण आहे. त्यांच्या घड्याळात ठोके कधी येत, कधी रेघा दिसत. दुकानदाराने दोनदा घड्याळ बदलून दिले. गोंदणाची शाई प्रकाश अडवते हे ॲपल कंपनी स्वतःच सांगते. बाईंनी घड्याळ गोंदण नसलेल्या हाताला बांधले, प्रश्न मिटला.

गडचिरोलीचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका साध्या उपकरणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकात तिथल्या गावांत बालमृत्यूंवर काम सुरू केले. लहान मुले न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे मिनिटातले श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त असले की धोका. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि तिच्याकडे घड्याळही नव्हते. म्हणून त्यांनी एक श्वासमापक बनवला. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर बाळाला औषधाची गरज आहे. बॅटरी नाही, पडदा नाही, अक्षरओळख लागत नाही. गावपातळीवरच्या उपचाराने न्यूमोनियाचे मृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. आमच्या मते आपल्या दोन जिल्ह्यांत तयार झालेले सर्वांत चांगले 'आरोग्य-घड्याळ' ते आहे. एकच गोष्ट मोजते, खरी मोजते, आणि आकडा आल्यावर काय करायचे ते मोजणाऱ्याला ठाऊक असते.

दुकानात जाताना आम्ही हीच कसोटी घेऊन गेलो. शंभर गोष्टींपैकी हे घड्याळ खरे काय मोजते, आणि तो आकडा बघून आपण काय करणार आहोत?

अशा चाळणीतून दोनच गोष्टी उरल्या: ठोके आणि पावले. पावले मोजायला घड्याळात हालचाल ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. हात ज्या लयीत हलतो त्यावरून तो पाऊल धरतो. म्हणून फळ्यावर लिहिताना, पोळ्या लाटताना काही पावले फुकटात जमा होतात आणि हातात जड पिशवी असली की चाललेली पावलेही गळतात. मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर मोहफुलांची टोपली आणि हात टोपलीला धरून जंगलातून येणाऱ्या बाईचे कष्ट हे घड्याळ फारच कमी दाखवेल. चाचणी सोपी आहे. दुकानासमोरच तोंडी मोजत २०० पावले चाला आणि घड्याळ बघा. दहा-बाराचा फरक चालतो, पन्नासचा असेल तर डबा परत. ठोक्यांसाठीही तसेच: नाडीवर बोट ठेवून एक मिनिट मोजा आणि ताडून पाहा. (आणि हो, काकडी. दुकानदार हसेल, हसू द्या.)

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत हे सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे. या आकड्याचा उगम दवाखान्यात नाही, दुकानात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक काढले आणि त्याचे नावच 'मानपो-केई' ठेवले, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. तिथून हा आकडा जगभर फिरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा थांबत होता. अब्बांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. दहा हजारांचा डोंगर बघून ते आधीच बसून जात होते.

आता रोजच्या वापराचे.

आपल्या घरात घड्याळ दिवसातून पाच वेळा पाण्यात जाते. 'आयपी ६८' किंवा '५ एटीएम' लिहिलेले घ्यावे. वजूच्या पाण्याला ते पुरेसे आहे. पण पट्टा घट्ट असेल तर त्याखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून वजूत घड्याळ काढणे किंवा पुरते सरकवणे आलेच. त्यामुळे बकल सहज उघडणारे हवे, विशेषतः ज्येष्ठांसाठी. रबरी पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येते. वजूनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे केले की येत नाही. नमाजच्या वेळी आवाज आणि थरथर दोन्ही बंद करायचे बटण एका बोटाने सापडले पाहिजे. रमजानमध्ये मात्र त्याच थरथरीचा उपयोग होतो. सहरीला बाकी घर न उठवता जिला स्वयंपाक करायचा आहे तिलाच जाग येते. तिला थोडी उशिरा जाग आणणारे घड्याळ अजून बाजारात आलेले नाही.

ऊन हा चंद्रपूरकरांचा खास मुद्दा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे आपल्याकडे बातमीही राहिलेली नाही. ॲपल आपल्या घड्याळासाठी ० ते ३५ अंश तापमान सुचवते. त्या हिशेबाने आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळाला सुट्टीच द्यावी लागेल. मोटरसायकलच्या डिक्कीत, खिडकीत, चुलीजवळ ठेवू नये; बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. आणि पडदा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर रस्त्यावर भर दुपारी बघावा. गोल बाजारात आम्ही पाच घड्याळे उन्हात नेऊन पाहिली. तिघांत आमचेच तोंड दिसले.

'कॉलिंग'वर फार भाळू नये. स्वस्त घड्याळातला कॉल फोनमधूनच येतो, आणि फोन आठ-दहा मीटरपलीकडे गेला की घड्याळ मुके. जीपीएसचेही दोन प्रकार आहेत. काही घड्याळांत तो आत असतो, बहुतेक स्वस्त घड्याळांत फोनचा उसना. जीपीएसला मोबाइल टॉवर लागत नाही, तो उपग्रहांवर चालतो. म्हणून भामरागड-सिरोंचाकडे रेंज नसतानाही वाट नोंदवली जाते. फक्त नकाशा आधी उतरवून घ्यावा लागतो. वनखात्यातल्या किंवा दूरच्या केंद्रावर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला आतला जीपीएस उपयोगी पडेल. मोहल्ल्यात चालणाऱ्याने त्यासाठी हजारो रुपये जास्त द्यायची गरज नाही. आतल्या गावांत वीज जाते-येते, तेव्हा रोज चार्जिंग मागणारे घड्याळ तिथे निरुपयोगी. आठवडाभर चालणारे बघावे. अब्बा म्हणतात त्यांचे एचएमटी रोज सकाळी किल्लीच्या बारा-पंधरा फेऱ्यांत चालायचे, त्याला बोर्डाची वीज लागत नव्हती. खरे आहे.

एक गोष्ट कोणत्याही डब्यावर लिहिलेली नसते. मराठी आणि उर्दू दिसते का? दुकानातच आपल्या फोनवर दोन्ही लिप्यांत एकेक संदेश मागवून घ्या. पुष्कळ घड्याळांत देवनागरीच्या जागी चौकोन येतात, आणि उर्दूची अक्षरे सुटी होऊन उलटी रांग लावतात. मुलीने पाठवलेले 'दवा ले लीजिए' उर्दूत आले तेव्हा एका घड्याळात ते पहिलीच्या मुलाच्या पाटीसारखे दिसले. ज्यांना वाचायचे आहे त्यांना वाचता येत नसेल तर तो निरोप कशाला?

माहिती कुठे जाते हेही विचारावे. घड्याळ घेतले की फोनमध्ये त्याचे ॲप येते आणि ते ठिकाण, संपर्क, संदेश, मायक्रोफोन सगळे मागते. पावलांना संपर्कयादी लागत नाही. ठिकाण द्यायचे तर चालतानापुरते. काही वर्षांपूर्वी नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे दिली, हजेरीसाठी आणि ते नेमलेल्या भागात आहेत की नाही हे बघण्यासाठी. कामगारांच्या मनगटावरचे घड्याळ त्यांच्यासाठी नव्हते, त्यांच्यावर होते. आणि स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात जगभरातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा दिसू लागल्या, कारण जवान घड्याळ लावून धावत होते. गडचिरोलीत पोलिसात मुलगा किंवा भाऊ असलेल्या घरांनी ही सेटिंग आजच तपासावी. तरुण मुलीच्या घड्याळातला रोजचा मार्ग आणि वेळ अनोळखी लोकांना दिसत असेल, तर ती काळजीची बाब प्रत्येक घराची आहे.

शेवटी आम्ही काय घेतले? आमच्या बजेटचे, म्हणजे साडेचार हजारांचे, तीन भाग केले. पहिल्यात दंडाला बांधायचे डिजिटल बीपी मशीन. दुसऱ्यात बोट टोचून साखर बघायचे ग्लुकोमीटर आणि पट्ट्या. जे उरले त्यात एक साधा बँड: ठोके, पावले, औषधाची आठवण, मोठे आकडे. बीपी आणि साखर त्यावर नाहीच. दुकानदाराला आमची कीव आली. "थोडे वाढवा, सगळे आहे त्यात," म्हणाला. अब्बांनीच उत्तर दिले, "सब है, इसीलिए तो नहीं चाहिए." भाच्याचे घड्याळ कपाटात आहे, त्याचे मन दुखू नये म्हणून तो येतो तेव्हा अब्बा ते लावतात. वेळ मात्र बरोबर दाखवते.

जखम भरायला दीड महिना लागला. मग डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, बंद आणि सैल बूट घालून. कुठे आणि केव्हा चालायचे हे कोणतेही घड्याळ सांगत नाही. फजरनंतर लगेच निघायची अब्बांची जुनी सवय, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात एकापाठोपाठ एक दिवशी वाघ आणि बिबट्याने माणसे नेली, तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: स्वच्छ उजाडल्याशिवाय कोणी बाहेर पडायचे नाही, एकट्याने नाही, आणि कानात काही घालून तर अजिबात नाही. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. ज्या दिवशी कोळशाचा वास येतो आणि हवा जड असते त्या दिवशी घरातल्या अंगणातच फेऱ्या. चंद्रपूरची हवा कशी आहे ते हा बँड मोजत नाही.

हल्ली सकाळी अब्बा जटपुरा गेटजवळ परकोटाच्या कडेने चालतात, आमच्यापैकी एक सोबत असतो. बँड डाव्या हातात, आणि ओठांतल्या ओठांत स्वतःची मोजणी चालू. घरी आल्यावर दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले जातात, त्याच्या शेजारी बोट टोचून आलेली साखर. काल बँडचे ३,९१० होते आणि अब्बांचे ३,९७०. साठ पावले बँडने खाल्ली, असे अब्बांचे ठाम मत आहे, आणि ती कुठे खाल्ली तेही त्यांना माहीत आहे: भाजीवाल्याशी बोलताना हात मागे बांधून चालले होते तिथे.